खांब नंबर चौदाजवळचे पट्टे

“पट्टे कुणी मारले हे विचारतच नाहीये मी! ते खाली लिहिलंच आहे. फोन नंबरासकट!”

रस्ते खात्याचा कारकून पेंटरच्या दुकानाच्या दारात उभा राहून मोबाइल नाचवत होता. मोबाइलवर फोटो. फोटोत काळा रस्ता, रस्त्यावर सात पांढरे पट्टे, आणि सातव्या पट्ट्याच्या उजव्या कोपऱ्यात बारीक पण सुबक अक्षरांत: ‘पेंटर. पाट्या, फलक, नंबरप्लेट.’ खाली नंबर.

पेंटरने फोटो पाहिला आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारकुनावर नाही, स्वतःच्या उजव्या हातावर. बारा वर्षं हा हात पाट्या रंगवतोय. काम संपलं की कोपऱ्यात नाव आणि नंबर टाकतो, डोक्याला विचारत नाही. दवाखान्याची पाटी असो, ‘येथे थुंकू नये’ असो, तो टाकणारच. आता सरकारी रस्त्यावर बिनपरवाना पट्टे मारतानाही टाकला. गुन्हे करणारे जगात पुष्कळ असतील, पण गुन्ह्याखाली नंबर देऊन पुढच्या ऑर्डरची वाट बघणारा हा एकटाच.

“नंबर काय, कुणीही लिहू शकतं,” पेंटर गुरगुरला.

“म्हणून तर मघाशी फोन लावला. कुणी उचलला?”

“मी.”

“आणि काय म्हणालात?”

“‘बोला, पेंटर बोलतोय.’”

“मग झालं तर,” कारकून म्हणाला आणि नोटीस काउंटरवर ठेवून, तिच्यावर ओल्या ब्रशचा डबा ठेवून निघून गेला. डबा मुद्दाम ठेवला असावा. नोटिशीवर हिरवा गोल उमटला आणि त्याच्याबद्दल पुढे दोन महिने प्रत्येक साहेबाने ‘हे काय आहे?’ म्हणून विचारलं.

पट्टे का मारले ते आता सांगायला हवं, नाहीतर पेंटर वेडा वाटेल. तो वेडा नाही, तापट आहे. त्याला लहानाचं मोठं करणारी आत्या त्याला भडकू म्हणते, आणि ती म्हणते ते बहुतेक वेळा खरं असतं.

पेंटरचं घर आणि दुकान रस्त्याच्या अलीकडे, आत्याचं दुकान पलीकडे. आत्याच्या दुकानात पँटी आखूड होतात, चेनी बदलतात, वाढत्या पोरांचे गणवेश उसवून मोठे होतात. सहा महिन्यांपूर्वी खांब नंबर चौदाजवळ रस्ता ओलांडताना एका मोटरसायकलने तिला उडवलं. ऑपरेशन करून मांडीत सळई बसवली. हाड जुळलं, काठी आली, डॉक्टर म्हणाले चाला. आता चालायला आत्या तयार, पण रस्ता तयार नाही. रोज सकाळी ती फुटपाथच्या कडेला जाऊन उभी राहायची. वीस मिनिटं, अर्धा तास. गाड्या काही थांबायच्या नाहीत. मग काठी टेकत घरी यायची आणि भांडी आपटायची.

“आत्या, मी हात धरतो ना,” पेंटर म्हणायचा.

“आज हात धरशील, उद्या उचलून नेशील, परवा म्हणशील आता घरीच बस. हात लावायचा नाही मला.”

ती स्वतःच्या पायांनी पलीकडे जाणार होती, नाहीतर दुकान देऊन टाकणार होती. महिनाअखेरपर्यंतची मुदत तिने स्वतःच स्वतःला घातली होती. आणि दुकान दिलं की आत्या संपली, हे पेंटरला कुणी सांगायची गरज नव्हती. पलीकडे ती दुकानदार. अलीकडे ती फक्त कुणाची तरी म्हातारी आत्या.

पेंटरने रस्ते खात्याला चार अर्ज केले. खांब नंबर चौदाजवळ क्रॉसिंगचे पट्टे मारा, एवढंच मागणं. तीन अर्ज कुठे गेले देव जाणे. चौथ्याला उत्तर आलं: ‘सदर ठिकाणी पादचारी क्रॉसिंग अस्तित्वात असून ते सुस्थितीत आहे. सबब नवीन क्रॉसिंगची आवश्यकता नाही.’ खाली शिक्का. पेंटर ते पत्र घेऊन खांबाजवळ गेला आणि रस्त्यावर वाकून वाकून शोधू लागला. डांबर होतं. डांबरावर सिगरेटचं थोटूक होतं. सुस्थितीतलं क्रॉसिंग काही सापडेना. एक स्कूटरवाला थांबून काय हरवलंय म्हणून विचारून गेला. पेंटरने त्याला जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. स्कूटरवाल्याचा काही दोष नव्हता.

दुसरा कागद पोलिसांचा, आत्याच्या अपघाताचा. त्यात लिहिलं होतं: ‘सदर महिला क्रॉसिंग नसलेल्या जागी रस्ता ओलांडत असताना.’ म्हणजे चूक तिची, मोटरसायकलवाला सुटला. जागा तीच, खांब नंबर चौदा! त्यावरही शिक्का. एक शिक्का म्हणतो क्रॉसिंग आहे म्हणून मारत नाही, दुसरा म्हणतो क्रॉसिंग नाही म्हणून बाईच दोषी. पेंटरने दोन्ही कागद दुकानाच्या भिंतीवर शेजारी शेजारी चिकटवले. सकाळी शटर वर केलं की आधी ते वाचायचे, डोकं तापवून घ्यायचं, मग ब्रश भिजवायचा.

ते कागद वाचायला वरच्या मजल्यावरचे प्रोफेसर खाली यायला लागले. प्रोफेसर निवृत्त. कॉलेजात ते कायदा आणि खुणा असं काहीतरी शिकवायचे. कायद्याच्या जगात माणसं खुणा कशा वाचतात आणि त्यातून काय घडतं, यावर अकरा वर्षं पुस्तक लिहितायत आणि तिसऱ्या प्रकरणात अडकलेत. हे दोन कागद बघून त्यांचे डोळे असे चमकले की पेंटरला आत्याच्या मांडीतली सळई आठवली आणि त्याला त्यांचा रागच आला.

“माणूस तीन तऱ्हेच्या खुणा वाचतो,” प्रोफेसर स्टुलावर बसत म्हणाले. “धूर दिसला की आग कळते, ती एक. फोटो दिसला की माणूस ओळखतो, ती दुसरी. आणि तिसरी, जी फक्त सगळ्यांनी मानली म्हणून चालते. शिक्का, सही, लाल दिवा. तुझी आत्या या तिसरीत सापडलीये.”

“आत्या मोटरसायकलखाली सापडली, सर.”

“तेच म्हणतोय. हे बघ, आम्हा लोकांचा एक सोपा नियम आहे. एखादी गोष्ट आहे की नाही यावर वाद घालत बसायचं नाही. ती असल्याने काय फरक पडतो ते विचारायचं. या कागदावरच्या क्रॉसिंगमुळे गाड्या थांबतात?”

“एकही नाही.”

“मग ते नाही. शिक्के कितीही असोत.”

हे पेंटरला पटलं. प्रोफेसरांचं बोलणं पटायची ही त्याची पहिलीच वेळ, आणि तिथेच घात झाला. कारण त्याने त्याच क्षणी उलटा हिशोब मांडला. गाड्या थांबल्या की क्रॉसिंग आहे. आणि गाड्या पट्ट्यांना थांबतात. आणि पट्टे मारायला आपला हात काय मोडलाय?

रविवारी सकाळी आठ वाजता, चांगल्या उजेडात, त्याने काम काढलं. लपूनछपून केलं तर चोर, जाकीट घालून केलं तर सरकार, एवढं त्याला कळत होतं. नारिंगी जाकीट, चमकत्या पट्ट्यांचं, एका पुलाच्या कामावर फलक रंगवताना मिळालेलं. दोन रिकामे डबे लाल रंगवून रस्त्यात ठेवले. सुतळीला खडू चोळला, दोन टोकांना ताणली आणि फटकारली. रेघ अशी उमटली की बघत राहावं. रंगात मूठभर वाळू मिसळली, आत्याची काठी घसरू नये म्हणून. रस्ते खातं वाळू मिसळत नाही. रस्ते खातं रंगच मिसळत नाही, पण ते जाऊ दे.

पहिला पट्टा ओला असतानाच तळमजल्याचे काका टेप घेऊन हजर. काका वजनमापं खात्यातून निवृत्त झालेत, पण टेप निवृत्त झालेला नाही.

“पेंटरशेठ, पट्टा बरोबर आहे. फट दोन बोटं जास्त आहे.”

“काका, बाजूला व्हा. गाडी येईल.”

“आली तर येऊ दे. मापात चूक नको. आणि एक सुचवू? शेवटचा पट्टा जरा डावीकडे वळवला तर थेट आमच्या गेटात जातो.”

“पट्टा वळवत नसतात काका! तो काय पाण्याचा पाइप आहे?”

“विचारलं फक्त. एवढं भडकायला काय झालं?”

साडेआठला वाहतूक पोलीस आला. पेंटरचा हात थांबला नाही. पोलिसाने रंगाकडे पाहिलं नाही, डब्यांकडे पाहिलं नाही. जाकिटाकडे पाहिलं आणि भडकला.

“आधी कळवायला काय होतं तुमच्या खात्याला? गेल्या महिन्यात खणलंत, कळवलं नाही. त्याच्या आधी सिग्नल काढून नेला, कळवलं नाही. झोपा काढता का ऑफिसात?”

रस्ते खात्याला घालायच्या म्हणून पेंटरने चार महिने ज्या शिव्या जपून ठेवल्या होत्या, त्या सगळ्या आता त्यालाच बसत होत्या. आणि गप्प बसून खायला लागत होत्या, कारण अंगात जाकीट होतं. “पुन्हा नाही होणार, साहेब,” तो दात आवळून म्हणाला. पोलिसाने शिट्टी काढली आणि तासभर वाहतूक अडवून धरली. जाता जाता, पट्ट्यांच्या अलीकडे गाड्या थांबवायची एक आडवी रेघही मार, असं सांगून गेला. पेंटरने मारली. पोलिसाची ऑर्डर. मग मागे सरकून काम डोळ्यांखालून घातलं, समाधान वाटलं, आणि उजव्या हाताने खाली बसून कोपऱ्यात नंबर टाकला.

सोमवारी सकाळी आत्या कडेला उभी राहिली. डावीकडून एक बस आली. बसने पट्टे पाहिले, फुस्स आवाज केला आणि थांबली. तिच्यामागे एक टेंपो, त्याच्यामागे दोन गाड्या. सगळ्या थांबल्या. आत्याने काठी पहिल्या पट्ट्यावर टेकवली, जरा दाबून पाहिली, आणि चालायला लागली. ना डावीकडे बघितलं ना उजवीकडे. पेंटर शटरला धरून उभा होता. पलीकडे पोचल्यावर तिने वळून रस्त्याच्या ह्या बाजूला ओरडून सांगितलं, “चौथा पट्टा वाकडाय रे, भडकू!”

तो वाकडा नव्हता. काकांनी मोजला होता. पण पेंटर त्या दिवशी कुणाशीच भांडला नाही, ही त्या गल्लीतली नोंद घेण्यासारखी गोष्ट.

शांतता बुधवारपर्यंत टिकली. फोन नंबर रस्त्यावर असल्याने फोन येऊ लागले. एकाला गेटसमोर ‘गाडी लावू नये’चा लाल चौकोन हवा होता, रस्ते खात्याच्या शिक्क्यासकट. एका बाईला गतिरोधक हवा होता. “खरा नको हो, नुसता रंगवा. उंच दिसला की झालं.” पेंटरने सगळ्यांना फोनवरच झापलं. शेवटचा फोन कारकुनाचा होता, तो कसा उचलला ते आलंच आहे.

सुनावणीला प्रोफेसर बरोबर आले. पेंटर नको म्हणाला होता. प्रोफेसर म्हणाले, “अरे, हे माझं तिसरं प्रकरण आहे,” आणि चपला घालून पुढे चालायला लागले.

रस्ते खात्याचे साहेब मोठ्या टेबलामागे बसले होते. टेबलावर काच, काचेखाली शहराचा नकाशा, नकाशावर चहाच्या कपाचे डाग. त्यांनी नोटिशीवरचा हिरवा गोल पाहिला, “हे काय आहे?” विचारलं, उत्तर ऐकलं नाही आणि सुरुवात केली.

“शिक्षण?”

“नववी. अर्धी.”

“तुम्ही सरकारी क्रॉसिंग विद्रूप केलंय.”

“कुठलं क्रॉसिंग?”

“खांब नंबर चौदाचं. रजिस्टरला आहे.”

“साहेब, तिथे काही नव्हतं!”

“नव्हतं कसं? सुस्थितीत होतं. तुम्हाला पत्र पाठवलंय तसं. म्हणजे आमच्या पट्ट्यांवर तुम्ही तुमचे पट्टे मारलेत.”

“म्हणजे मी क्रॉसिंगवर क्रॉसिंग रंगवून क्रॉसिंग खराब केलं?”

“बरोबर समजलात,” साहेब म्हणाले. त्यांना पोरगा हुशार वाटला असावा.

पेंटरच्या कानशिलात घण पडायला लागले. कारकुनाने एक फॉर्म पुढे सरकवला. त्यात एक रकाना होता: ‘केलेल्या चिन्हाचा अर्थ.’

“यात काय लिहू?”

“तुमच्यावर आहे,” कारकून म्हणाला. “‘क्रॉसिंग’ लिहिलंत तर बनावट सरकारी चिन्ह, खोली नंबर सहा. ‘काही अर्थ नाही’ लिहिलंत तर नुसती चित्रकला, रस्ता घाण केल्याबद्दल खोली नंबर नऊ. नऊला गर्दी कमी असते.”

पेंटर ‘काही अर्थ नाही’ लिहायला वाकला. गप्प बसून लिहिलं असतं तर नऊ नंबरला जाऊन, दोन शिव्या खाऊन, संध्याकाळी घरी आला असता. पण प्रोफेसर उभे राहिले. खिशातून चष्मा काढला, पुसला, घातला.

“थांब, लिहू नकोस. साहेब, अर्थ नाही कसा? अर्थ रंगात नसतो आणि तुमच्या रजिस्टरातही नसतो. खूण पाहून माणसं जे करतात, ज्याची त्यांना सवय लागते, तो अर्थ. तुमच्या क्रॉसिंगवर एक गाडी थांबली नाही. याच्या पट्ट्यांवर बस थांबली, टेंपो थांबला. तेव्हा खरं क्रॉसिंग कुणी केलं असेल, तर ते या मुलाने!”

साहेबांच्या चेहऱ्यावर इतका वेळ नसलेला आनंद आला.

“लिहून घ्या,” ते कारकुनाला म्हणाले. “‘संबंधिताने क्रॉसिंग केल्याचे साक्षीदारासमक्ष मान्य.’ खोली नंबर सहा.”

“सर!” पेंटर ओरडला.

“अरे, पण मी तर तुझ्या बाजूने...”

“माझ्या बाजूला कुणी येऊ नका! एकटा असलो की मी निदान नऊ नंबरात असतो!”

खोली नंबर सहाचे साहेब रजेवर होते. मग बैठकीत होते. मग बदलले. तारीख पुढे गेली, पुन्हा गेली. पेंटर दर वेळी दुकान बंद करून जायचा, बाकावर दोन तास बसायचा आणि परत यायचा. बाकाच्या वर पाटी होती, ‘शांतता राखा.’ तिच्यातला ‘ता’ उडाला होता. पेंटरला ती बघून हात शिवशिवायचे, पण एक केस पुरे होती.

या दोन महिन्यांत आत्या रोज सकाळी साडेनऊला पलीकडे आणि संध्याकाळी सहाला अलीकडे. काठी नसलेल्या हातात पिशवीही आली. दुकानाची गिऱ्हाइकं परतली. ड्रायव्हर लोकांना ती ओळखीची झाली. एक बसवाला लांबूनच वेग कमी करायचा आणि ती पोचली की भोंपू वाजवून जायचा. आत्या काठी उचलून त्याला दटावायची, भोंपू कशाला म्हणून.

मग एक दिवस आदेश निघाला: पट्टे पुसा. चार कामगार आणि काळ्या रंगाचं पिंप आलं. त्यांना सांगितलं होतं पांढरं ते काळं करा. त्यांनी तेवढंच केलं. जुना रस्ता उन्हाने राखाडी पडलेला, त्यावर सात कुळकुळीत काळे पट्टे. पांढऱ्यांपेक्षा उठून दिसायला लागले. गाड्या थांबल्या.

दुसऱ्या आठवड्यात पुन्हा आले आणि फटींसकट सगळा चौकोनच काळा केला. आता लांबून तिथे भलामोठा खड्डा दिसायला लागला. गाड्या आधीपेक्षा लांब थांबल्या. काही ड्रायव्हर तर उतरून बघून गेले. काकांनी चौकोनाचं क्षेत्रफळ काढून कामगारांना दिलं, कुणी मागितलं नव्हतं.

तिसऱ्या वेळी यंत्र आणलं आणि सगळं खरवडून काढलं. पांढरं गेलं, काळं गेलं, वाळू गेली, नंबर गेला. खाली निघालं नुसतं डांबर. पेंटर शटरपाशी उभा राहून बघत होता, मुठी आवळून. आत्या पलीकडे होती. सहा वाजले. तिने दुकान बंद केलं, कडेला आली, खाली पाहिलं. काहीच नव्हतं. पेंटर धावणार इतक्यात बस आली. फुस्स. थांबली. मागचा टेंपोही थांबला. आत्या त्या कोऱ्या डांबरावरून चालत आली, बरोबर जिथे पट्टे होते तिथून, आणि पेंटरला म्हणाली, “तोंड मिट. माशी जाईल.”

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून निरोप, ताबडतोब या. पाच वाजता.

“पुन्हा मारलेत पट्टे?” साहेबांनी दारातच विचारलं. हे आपले जुनेच साहेब, सहा नंबरचं टेबलही आता त्यांच्याकडे आलं होतं.

“नाही मारले. जाऊन बघा.”

“मग गाड्या का थांबतायत तिथे? आमच्याकडे तक्रार आहे.”

“ते गाड्यांना विचारा! मी काय प्रत्येक ड्रायव्हरचं डोकं रंगवलंय?”

प्रोफेसर मागे उभे होते. ते काहीतरी बोलायला गेले. पेंटरने नुसतं वळून पाहिलं. ते चष्मा पुसायला लागले.

साहेबांनी सुस्कारा सोडला आणि पहिल्यांदाच माणसासारखं बोलले. “हे बघा, माझी अडचण वेगळीच आहे. आम्ही खरवडलं. तुमचे पट्टे निघाले. त्यांच्याखाली आमचे निघायला हवे होते. नाही निघाले. आता रजिस्टरला सुस्थितीत आणि रस्त्यावर डांबर. वरून विचारणा होईल, आमचे गेले कुठे?” त्यांनी एक टाइप केलेला कागद काचेवर ठेवला. “तुम्ही लिहून द्या की तुमच्या रंगकामामुळे मूळ सरकारी पट्टे नष्ट झाले. थोडी शिक्षा होईल, पाटी रंगवायचा परवाना सहा महिने अडकेल. पण पट्टे नष्ट झाले असं सिद्ध झालं की नवीन मारायची मंजुरी आपोआप मिळते. खरी. सरकारी.”

पेंटरच्या अंगाची लाही लाही झाली. कधी नव्हतेच ते पट्टे आपण घालवले असं आपल्याच हाताने लिहून द्यायचं! “खोटं आहे हे,” तो म्हणाला. “सपशेल खोटं.”

“आहेच खोटं,” प्रोफेसर हळूच म्हणाले. या वेळी त्यांचा आवाज वर्गातला नव्हता. “पण बघ, यात लिहिलंय की तुझ्या आधी तिथे क्रॉसिंग होतं. म्हणजे आत्याला धडक बसली त्या दिवशीही होतं. म्हणजे ती चुकीच्या जागी नव्हती. पोलिसांचा कागद बदलावा लागेल. बाकी तू ठरव. मी आता काही मान्य करत नाही.”

पेंटरने कागद तीनदा वाचला. स्वतःचा गुन्हा, आत्याची सुटका, एकाच वाक्यात. परवाना जाणार म्हणजे सहा महिने ब्रश बंद. त्याने पेन उचललं, कागद फाटेल इतक्या जोरात सही केली आणि पेन काचेवर आपटलं. शहराच्या नकाशावर शाईचे थेंब उडाले.

“आता पट्टे कधी?”

“पावसाळ्याचं बघून. पुढच्या वर्षी नक्की,” साहेब कागदावर फुंकर मारत म्हणाले. “आणि तुम्हाला सांगतो, आता त्या रस्त्याकडे वरचेही लक्ष देतायत. मोठा पूल आज दुरुस्तीला बंद केलाय ना. बंदराकडचे सगळे ट्रक साडेपाचपासून तुमच्या रस्त्यानेच सोडतोय. बाहेरगावचे ड्रायव्हर, पण रस्ता सरळ आहे, अडथळा नाही. वीस मिनिटांत शहर पार.”

पेंटरने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाच चाळीस.

“आत्या सहाला निघते,” तो म्हणाला.

“काय?”

“ती बघत नाही. डावीकडेही नाही, उजवीकडेही नाही. तिला सवय झालीये.”

“अहो, थांबा, पोच घ्यायचीय अजून. दुसऱ्या प्रतीवर सही...”

“त्या ट्रकवाल्यांना कुणी सांगितलेलं नाहीये, साहेब,” पेंटर दाराशी पोचलाही होता. “मला आता निघायला पाहिजे.”